माझीच अळंबी, तुझ्या टोपलीत

अक्का, तू मला फसवलंस. एकदा नाही, तीन पावसाळे फसवलंस. माझ्या मागच्या दारातून उचलून नेलेल्या टाकाऊ पिशव्यांवर अळंबी पिकवलीस, चुलीच्या धुरावर वाळवलीस, डोंगरची म्हणून माझ्याच ओट्यावर आणून ठेवलीस, आणि मी ती कौतुकाने विकत घेतली. माझाच माल मला विकलास.

तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं मला चार जणींनी सांगितलं. त्या चौघींना तू फसवलं नव्हतंस, त्यांना सांगायला काय जातं?

मी कोण आहे हे तुला पुरतं माहीत होतं. पाचोऱ्याहून लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं. न्हाणीघरात अकरा पिशव्या टांगून धिंगरी पिकवायला लागले. शहरातले लोक तिला नुसतं मशरूम म्हणतात. सायकलला डबा बांधून मी दारोदार फिरले, लोकांनी नाकं मुरडली, दारं लावून घेतली. आज माझी पाकिटं जळगावपर्यंत जातात. वजन करणाऱ्याच्या काट्याकडे मी बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. भाजीवाले मला बघून टोपली झाकतात. अशा बाईला तू फसवलंस, आणि तेसुद्धा खाली मान घालून, एक शब्द न बोलता.

पहिली भेट आठवते का? एसटी स्टँडच्या बाहेर तू पळसाच्या पानांवर तीन वाटे मांडून बसली होतीस. लांब देठांची, बुडाला तांबडी माती चिकटलेली, वारुळावरची अळंबी. मी तशी कधी बघितली नव्हती. तरी माल चांगला आहे हे मला लांबूनच कळलं होतं, म्हणूनच तोंड वाकडं केलं.

"ही तर कुत्र्याची छत्री," मी म्हणाले.

"मंग जाय, कुत्रासले ईक."

मी एक उचलून नाकाशी नेली. तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. ओळख ना पाळख, भर रस्त्यात.

"हात लावू नको वं शेठानी. बोलनं व्हई ते तोंडघाई बोल."

शेठाणी! माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता तेव्हा. तरी ते नाव तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. तासभर भांडलो आपण. तुझी पिंपळनेरची गाडी निघून गेली, त्याचं पाप तू माझ्या डोक्यावर घातलंस. शेवटी मी तिन्ही वाटे घेतले, तुलाही परवडला नाही आणि मलाही परवडला नाही अशा भावाने. दोघी चरफडत चहा प्यायलो.

त्यानंतर दर पावसाळ्यात तू थेट माझ्या मागच्या दारी यायला लागलीस. भाव जमला नाही की टोपली डोक्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जायचीस आणि तिथे उभी राहायचीस. मी दार लावून आत उभी राहायची. कोण आधी हाक मारतं एवढाच प्रश्न. एकदा असा पाऊस लागला की लिंबाखाली तू नखशिखांत भिजलीस, पण वळलीस नाहीस. मीच खिडकीतून नवा आकडा ओरडले. आत येऊन लुगडं पिळता पिळता म्हणालीस, "एवढं आधी बोलती तं माले थंडी वाजती का?" आणि पदराच्या गाठीतून माझ्यासाठी आणलेली नागलीची भाकर काढलीस. ती मात्र कोरडी होती.

माझ्या धिंगरीला तू कधी अळंबी म्हटलं नाहीस. पिशवीतल्या पांढऱ्या जाळ्याकडे बघून म्हणायचीस, "हाऊ कापूस शे." माझ्या कापसात बसायला मात्र तुला आवडायचं. पिशव्यांची ती अंधारी, ओली खोली म्हणजे धुळ्यातली सगळ्यात गार जागा. उन्हातान्हातून आलीस की टोपली ठेवून तू तिथे ओल्या फरशीवर पाय पसरायचीस, बशीत चहा ओतायचीस आणि तीनची गाडी होईपर्यंत भिंतीला टेकून पडायचीस. मी कुटार, म्हणजे भुसा, भिजवत असायची, निथळवत असायची, थरावर थर देऊन बियाणं पेरत असायची. तू डोळे मिटून असायचीस. मला वाटायचं झोपलीस. आता कळतंय की तू झोपायची नाहीस.

एका श्रावणात मी हट्टाने तुझ्याबरोबर डोंगरावर आले होते. तू अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे घसरत. तू अळंबी शोधत नव्हतीस, वारूळ शोधत होतीस. मला एक अख्खी पांढरी वसाहत दिसली तेव्हा मी किंचाळून बोट दाखवलं. तू माझा हात खाली ओढलास.

"बोट दखाडू नको, सडी जाई."

मग कसं दाखवायचं? बोट मुडपून, नुसत्या पेराने. लहान मुलांना कोवळ्या काकडीबद्दल शिकवतात तसं तू मला, चाळिशीच्या बाईला, शिकवलंस. मिटलेल्या उपटायच्या नाहीत. पूर्ण उमलून काठ फाटलेल्या तशाच सोडायच्या, त्यांच्यामुळे पुढच्या साली येतात. मधल्या तेवढ्या घ्यायच्या आणि भोकावर माती लोटायची. मी विचारलं, "सगळ्या घेतल्या तर?" तू म्हणालीस, "तं तुन्हा कापूस खावा लागी."

श्रावणात मटण सोडलेल्यांनी अळंबी खावी का, यावर आपण उतरताना भांडलो. माझ्या शेजारची शेठजींची सून मशरूमच्या पिशवीवरून हवासुद्धा येऊ देत नाही, आणि समोरचे देशमुख श्रावणभर तीच खातात, मटणासारखी लागते म्हणून. मी म्हणाले, ही भाजी आहे. तू म्हणालीस, "ना झाड शे, ना जनावर. पानी पडनं का येस, ऊन पडनं का जास. पावसानी शे ती." ते भांडण अजून अर्धंच आहे. अशी किती भांडणं अर्धी टाकून गेलीस, मोजत बसले तर रात्र पुरणार नाही.

आणि ते आठ दिवस. गाडीवरून पडून माझा हात मोडला, तेव्हा खोलीत साठ पिशव्या भरात होत्या. एक दिवस पाणी चुकलं असतं तर सगळं गेलं असतं. तू टोपली घेऊन आलेली, माझं प्लास्टर बघितलंस, टोपली खाली ठेवलीस आणि आठ दिवस घरी गेली नाहीस. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलंस, गोणपाट भिजवून खिडक्यांना लावलंस, माझी वेणी घातलीस. मी पलंगावरून तुझ्यावर ओरडत होते, "एवढं पाणी नको! धारेने नको, तुषार मार!" तू तुषार मारलेस. एकही पिशवी सडली नाही. मी तुला त्याबद्दल काय म्हणाले माहीत आहे? "पुढच्या वेळी देठ लांब ठेव." बस, एवढंच.

आता ज्या वाक्यापाशी यायचं मी टाळते आहे त्याच्यापाशी येते. मला ते लिहायचं नव्हतं. पण तुझ्या फसवणुकीबद्दल लिहायचं आणि ते गाळायचं, म्हणजे मीही काट्याला अंगठा लावल्यासारखं होईल.

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा संपत आला होता. तू आलीस ती काठी टेकत. टोपलीत मूठभर अळंबी. ओट्यावर बसायलाच तुला किती वेळ लागला.

"मन्हा गुडघा आते डोंगर चढतस नही," तू म्हणालीस. "माले बी शिकाड ना. दोन पिशव्या दे. घरमा टांगसू."

मी त्या दिवशी आधीच पेटलेली होते. एका केटररने माल परत पाठवला होता. पण खरं सांगते, राग हे निमित्त होतं. माझ्या डोक्यात सरळ व्यापार आला. आज हिला दोन पिशव्या दिल्या तर उद्या हिची सून, परवा सगळा पाडा, आणि मग साक्रीच्या बाजारात माझ्या निम्म्या भावाने धिंगरी. माझ्या डोक्यात हे यायला एक क्षण लागला.

मी म्हणाले, "कापूस माझ्याकडे ढीगभर आहे अक्का. डोंगरची असेल तर ये. नसेल तर येऊ नको."

तू टोपलीतली मूठभर अळंबी ओट्यावर ठेवलीस. मग मागच्या अंगणात टाकलेल्या पिशव्यांकडे बघून विचारलंस, "त्या ली जाऊ का? वांगासले खत व्हई." दोनदा तोडा झाला की मी पिशव्या फेकून देते. म्हणाले, ने. गोणीत भरून द्यायलाही मी मदत केली. मला वाटलं, केवढी मी मोठ्या मनाची.

पुढच्या पावसाळ्यात तू आलीस ती वाळवलेली अळंबी घेऊन. धुराचा वास, तपकिरी झालेल्या चिरफाळ्या, फडक्यात बांधलेल्या. म्हणालीस, ताजी घेऊन धावपळ होत नाही, आता वाळवूनच आणणार. मला बरंच वाटलं, वाळलेली टिकते, लांब पाठवता येते. मी नेहमीप्रमाणे अर्ध्याहून खाली आकडा सांगितला आणि कंबर कसून उभी राहिले.

"दी टाक. तू देशी ते."

मी आकडा आणखी खाली आणला, तुला चिडवायला. तू मान डोलावलीस. लिंबापर्यंत गेली नाहीस. टोपली उचललीसुद्धा नाहीस.

तीन वर्षं हेच. पहिल्या बोलीला हो, आणि परत जाताना वांग्यांसाठी म्हणून टाकाऊ पिशव्यांची एक गोणी. आणि मी, मी काय समजले? मी जिंकले असं समजले. म्हातारी थकली, अखेर माझ्यापुढे नमली. जळगावच्या दुकानदाराला मी हे हसत हसत सांगितलंय, अक्का. माझ्या आयुष्यभराच्या धंद्यात मी एक गोष्ट शिकले. ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो भांडतो, आणि ज्याच्या मालात खोट असते तो मिळेल ते घेऊन सुटायला बघतो. हे मी नव्या बायकांना शिकवते. आणि माझ्या ओट्यावर, माझ्या नाकासमोर, तू तीन वर्षं भाव न करता बसलीस आणि मला काही कळलं नाही. खोटा माल तू आणलास, पण खोट्या मालावर भांडायला तुझी जीभ वळली नाही. तू मला फसवतानासुद्धा सांगत होतीस. मी ऐकलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट गेल्या वर्षीची. मी दोन्ही भाज्या केल्या, तुझी वाळवलेली एका भांड्यात, माझी धिंगरी दुसऱ्यात, तोच काळा मसाला, तेच तेल. तुला समोर बसवलं आणि व्याख्यान दिलं. बघ, म्हटलं, डोंगर तो डोंगर. पहिल्या घासाला कळतं. वारुळाची माती, पाऊस, सगळं जिभेवर येतं, घरच्या पिशवीला हे जन्मात जमायचं नाही. तू खाली मान घालून भाकर मोडत होतीस.

"हां," म्हणालीस, "तुन्ही जीभ खरी शे."

तेव्हा तू हसत होतीस का रडत होतीस? मला तुझा चेहरा आठवत नाही. मी माझ्या बोलण्यात इतकी गुंग होते की तुझ्याकडे बघितलंच नाही. रोज हा प्रश्न डोक्यात येतो आणि रोज मी एखाद्यावर विनाकारण ओरडते.

तू आजारी होतीस हे मला कोणी सांगितलं नाही. तू गेलीस हेही चौथ्या दिवशी कळलं, बसच्या कंडक्टरकडून. दहाव्याला आले. कार्य आटोपल्यावर हात धुवायला घरामागे गेले तर पडवीला ओलं गोणपाट टांगलेलं. मी बाजूला केलं.

वीसेक पिशव्या. ओळीने, वीत-वीत अंतरावर, माझ्या खोलीत असतात तशा. प्रत्येकीचं तोंड हिरव्या काठाच्या पट्टीने बांधलेलं. रबर विकत घ्यायला परवडायचं नाही तेव्हापासून मी पिशव्या जुन्या साडीच्या काठाने बांधते. ती माझी लग्नातली साडी होती, अक्का. तो काठ मी अंधारातसुद्धा ओळखेन. आणि त्या माझ्या फेकून दिलेल्या, माझ्या मते संपलेल्या पिशव्यांतून पांढरी, टवटवीत धिंगरी फुटली होती. मी दोन तोडे घेऊन टाकते. तू तिसरा घेत होतीस, चौथा घेत होतीस. कशी? मला अजून जमलेलं नाही. तेही विचारायचं राहिलं.

तुझी सून सुमन मागे येऊन उभी राहिली. मी पिशव्यांकडे हात केला, आणि माझं मलाच कळलं की मी बोट मुडपून दाखवते आहे.

"मावशी, ह्या सगळ्या पिशव्या तुमन्याच शेत," ती म्हणाली. भ्यालेली होती. माझा स्वभाव तिने ऐकलेला.

"किती दिवस?"

"तिसरं साल. आईना डोंगर बंदच व्हयेल व्हता. मी म्हनू, आई, सांगी द्या ना त्यासले. भांडतीन तेवढंच."

"मग?"

सुमनने पदर तोंडाला लावला. "आई म्हने, भांडी तं भांडो. पन खरंच 'येऊ नको' म्हननी तं मी कोठे जासू?"

 लोक जेवायला बोलवत होते. माझ्या तोंडून एक शिवी गेली, दहाव्याच्या घरात. कोणाला दिली ते सांगत नाही.

तुला यायचं होतं. एवढंच होतं ना? ओल्या फरशीवर पाय पसरून बशीतला चहा प्यायचा होता, माझी बडबड ऐकायची होती. त्यासाठी मी दारावर जकात बसवली होती, आणि जकात भरायला तू दोन दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून धिंगरी पिकवलीस, फाडलीस, धुरावर धरलीस, आणि एसटीने एवढ्या लांबून माझ्याकडे आणलीस. मी आत घ्यावं म्हणून. अक्का, टोपलीशिवाय आली असतीस तर मी काय तुला हाकलून दिलं असतं?

दिलं असतं का? हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, आणि म्हणून तर तुझा एवढा राग येतो. तू माझी परीक्षा घ्यायला हवी होतीस. रिकाम्या हाताने येऊन ओट्यावर बसायला हवं होतंस. मी दार लावलं असतं तर लिंबाखाली उभी राहिली असतीस. मी हाक मारली असती. कधी मारली नाही असं झालंय का?

गिऱ्हाइकांना मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. तीन पावसाळे तुम्हाला डोंगरची म्हणून दिली ती घरची होती. दोघांनी माल बंद केला, त्यांचं बरोबर आहे. वरणगावच्या एक बाई दर श्रावणात मागवतात. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "असू द्या हो. चव फार छान होती. यंदाही तशीच पाठवा." मी त्यांच्यावरही ओरडले. तशीच कुठून पाठवू? ती करणारी बाई गेली.

सुमनने एक पिशवी माझ्या गाडीत ठेवली. ती आता माझ्या खोलीत टांगलेली आहे, तू टेकायचीस त्या भिंतीजवळ. काल तिला पुन्हा फुटवा आला. सुमनला मी निरोप पाठवला आहे की ये, सगळं शिकवते, बियाण्यापासून. यावर कोणी माझी पाठ थोपटू नये. हे चार वर्षं उशिरा आहे, आणि ज्या बाईने मागितलं होतं तिला दिलेलं नाही.

तर अक्का, तू मला फसवलंस, ते मी विसरणार नाही. पण त्याआधीचा एक सवाल बाकी आहे, आणि त्याचा जबाब मला दुसरं कोणी देऊ शकत नाही. ओळख नसताना भर रस्त्यात तू माझ्या मनगटावर मारलंस. मला कुत्र्यांना विकायला पाठवलंस. मुसळधार पावसात माझ्या एका आकड्यासाठी भिजत उभी राहिलीस, हटली नाहीस. मग मी 'येऊ नको' म्हणाले तेव्हा तुला काय झालं होतं? ती टोपली माझ्या अंगावर का नाही फेकलीस? एवढा हलका, एवढा खोटा माल होता तो माझा शब्द, आणि तू तो न भांडता घेतलास. का घेतलास?

सांग. आणि या खेपेला मी काही बोलले तर पहिल्याच बोलीला हो म्हणू नकोस.